ट्रान्झिशन्स की पायथन-स्टेटमशीन? बुकिंगच्या कामावरून बनलेलं मत

फोंड्यात बसून किनारपट्टीवरच्या छोट्या गेस्ट हाऊसना बुकिंगचं सॉफ्टवेअर करून देणं हा माझा धंदा. स्टेट मशीनची, म्हणजे एखादी गोष्ट कोणत्या स्थितीत (स्टेटमध्ये) आहे आणि तिथून कुठे जाऊ शकते हे सांभाळणाऱ्या तयार कोडची, लायब्ररी निवडायची वेळ आली ती याच कामात, त्यामुळे पुढचं मतही तिथूनच आलेलं आहे. पंपाचा कंट्रोलर किंवा लिफ्ट लिहिणाऱ्याचा हिशेब वेगळा असू शकतो.

हातात पायथन आणि जँगो (पायथनमध्ये वेबचं काम करायची चौकट) असेल तर फिरून फिरून दोनच नावं समोर येतात: ट्रान्झिशन्स आणि पायथन-स्टेटमशीन. बाकीच्या दोन आधी बाजूला काढतो. एक्सस्टेट मला आवडते, पण ती जावास्क्रिप्टची. रिसेप्शनच्या स्क्रीनपुरती ठीक आहे; बुकिंग पक्कं आहे की नाही याचा शेवटचा शब्द मात्र सर्व्हरचाच असायला हवा. सिस्मिक ही पायथनचीच, बेल्जियमच्या मॉन्स विद्यापीठातली, आणि डेव्हिड हॅरेल यांनी 1987 च्या निबंधात मांडलेल्या स्टेटचार्टशी, म्हणजे स्टेटच्या पोटात स्टेट ठेवू देणाऱ्या आकृतीशी, पायथनच्या तिघींत सर्वांत इमान राखणारी. खोटं घड्याळ पुढे सरकवून वेळेच्या अटी तपासता येतात, ही तिची सोय तर मला आजही हवीशी वाटते. पण मशीनचं वर्णन जिथे लिहायचं त्या तिच्या यामल फाइलीत अटी म्हणजे कोटेशनमध्ये घातलेला पायथन कोड. तिथे एडिटर काहीच मदत करत नाही, म्हणून मी तिथून परतलो.

आता खरा सामना. एका बुकिंगच्या माझ्याकडे पाच स्टेट आहेत: विचारणा, पक्कं, पाहुणा आत, पाहुणा गेला, रद्द. पैशांच्या चार: बाकी, आगाऊ, पूर्ण, परत. वर परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती, ज्याला आम्ही सी-फॉर्म म्हणतो आणि जी तो आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन भरायची असते, तिच्या तीन. सगळं एकाच सपाट मशीनमध्ये कोंबलं तर साठ जोड्या होतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिक निरर्थक. इथे ट्रान्झिशन्सचं पारडं जड आहे, हे मान्य करायलाच हवं. तिचं हायरार्किकल मशीन घेतलं की स्टेटच्या पोटात स्टेट आणि समांतर स्टेट दोन्ही मिळतात. एकाच वेळी अनेक कामं चालतात तिथे लागणारा असिंकचा प्रकार आहे, लॉकचाही आहे. शिवाय वापरणारे इतके की कुठे अडलं तर उत्तर शोधायला फार फिरावं लागत नाही.

तरीही माझं मन उडालं ते एकाच गोष्टीने.

समजा, पैसे पूर्ण झाल्याशिवाय चेक-आउट नाही, अशी अट घातली आहे. ट्रान्झिशन्समध्ये चुकीच्या स्टेटमधून चेक-आउट मागितलं तर मशीनएरर येते, चोख. पण स्टेट बरोबर आहे आणि फक्त अट खोटी ठरली, तर एरर येत नाही. फंक्शन गुपचूप फॉल्स परत करतं आणि कोड पुढच्या ओळीवर जातो. पुढच्या ओळीत काय असतं? हाऊसकीपिंगला निरोप आणि पाहुण्याला आभाराचा मेल. म्हणजे साफसफाईवाली बाई खोलीच्या दारात उभी, डेटाबेसच्या मते पाहुणा अजून आतच, आणि त्याच रात्रीचं पुढचं बुकिंग ‘खोली रिकामी नाही’ म्हणून नाकारलेलं. पात्रांव, म्हणजे गेस्ट हाऊसचा मालक, फोन करणार तो मला.

हा बग नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. परतलेली किंमत तपासा, किंवा आधी ‘मे’ लावलेलं फंक्शन बोलावून जमेल का ते विचारा, झालं. पण ते दर ठिकाणी, दर माणसाने लक्षात ठेवायचं. त्यात आणखी एक मेख आहे: मागण्या एकामागून एक उरकायची रांगेची सोय चालू केली, की ट्रिगर (स्टेट बदलायला सांगणारं फंक्शन) नेहमी ट्रूच परत करतो. रांगेत टाकतानाच शेवट काय होईल हे सांगता येत नाही, हे त्याचं कारण पटण्यासारखं आहे, पण मग किंमत तपासण्यातही अर्थ उरत नाही. आणि चेक-आउटसारखी ही फंक्शनं कोड चालताना ऑब्जेक्टला चिकटवली जातात. त्यामुळे टीममधल्या नव्या मुलाने एडिटरमध्ये चेक-आउटवर क्लिक करून व्याख्या शोधली, तर त्याला काहीच सापडत नाही. या फंक्शनांचे प्रकार (टाइप) एडिटरला कळतील असे नोंदवायची काही सोय अलीकडे आली आहे, पण ती वेगळी लावून घ्यावी लागते.

पायथन-स्टेटमशीनमध्ये अट खोटी ठरली की ट्रान्झिशननॉटअलाउड ही एरर अंगावर येते. बस्स, माझ्यापुरतं एवढंच निर्णायक. रिसेप्शनवरच्या पोरीला लाल पट्टीत ‘पैसे बाकी आहेत’ दिसतं आणि पुढचं काही घडत नाही. इथे स्टेट आणि इव्हेंट क्लासमध्येच लिहायचे असल्यामुळे कोड वर्षाने उघडला तरी वाचता येतो. सुरुवातीच्या स्टेटपासून जिथे पोहोचताच येत नाही अशी स्टेट राहून गेली, तर क्लास तयार होतानाच तक्रार येते. ‘रद्द’ला जाणारा एकही बाण काढायचा राहिला की ते तिथल्या तिथे कळतं, पाहुण्याने रद्द करायला सांगितल्यावर नाही.

उणीव आहेच. मी वापरतो त्या आवृत्ती दोनच्या मालिकेत पोटातल्या स्टेट नाहीत. मी बुकिंग, पैसे आणि सी-फॉर्म अशी तीन छोटी मशीनं एकाच रेकॉर्डवर ठेवतो आणि एकाची अट दुसऱ्याची स्टेट बघते. शुद्ध स्टेटचार्टवाल्यांना हे जुगाड वाटेल, आणि तिघांचा मेळ घालायची जबाबदारी माझ्यावर येते हेही खरं. पण तिन्ही आकृत्या काढून गेस्ट हाऊसच्या मालकापुढे ठेवल्या, तेव्हा त्याने बोट ठेवून विचारलं, “आगाऊ घेतलेले परत द्यायचे तर बाण कुठाय?” एका मोठ्या जाळ्यात त्याला तो शोधता आला असता असं मला वाटत नाही.

तुमच्या कामात एकात एक अशा पाच-सहा पातळ्यांच्या स्टेट असतील, तर ट्रान्झिशन्स घ्या आणि प्रत्येक ट्रिगरभोवती फॉल्स आला की एरर टाकणारं एक छोटं आवरण पहिल्या दिवशीच लिहून ठेवा; मांद्र्याच्या एका जुन्या कामात मी तेच करून ठेवलंय आणि ते अजून बदललेलं नाही. नव्या कामाला मात्र मी पायथन-स्टेटमशीनच उचलतो.