दोन वाजताच्या रकान्यात चार व्याख्यानं: गणिताच्या मोठ्या परिषदेत कुठे बसायचं?

वेळापत्रक उघडलं की दुपारी दोनच्या रकान्यात हे दिसतं: तुमच्याच विषयातली दोन व्याख्यानं दोन वेगळ्या खोल्यांत, तिसऱ्या खोलीत एक फार मोठं नाव पण विषय अगदी परका, आणि त्याच तासाला पोस्टरच्या दालनात माणसं आपलं संशोधन मांडलेल्या पोस्टरपाशी उभी. एक निवडलं की तीन सुटणार. पहिल्यांदाच मोठ्या परिषदेला जाणारे बरेच जण विषय बघून खुणा करतात आणि मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे. त्या खोलीत असं काय घडणार आहे जे नंतर घरी बसून मिळणार नाही, हे आधी बघावं. विषय त्यानंतर.

प्लेनरी की विभागीय?

दर चार वर्षांनी भरणाऱ्या इंटरनॅशनल काँग्रेस ऑफ मॅथेमॅटिशियन्सचं, म्हणजे आयसीएमचं उदाहरण घेऊ. वीसच्या आसपास प्लेनरी, म्हणजे सगळ्यांसाठीची मुख्य व्याख्यानं, प्रत्येकी एक तासाची, आणि त्या वेळात समांतर काही ठेवलेलं नसतं. विभागीय, म्हणजे एकेका शाखेची व्याख्यानं 45 मिनिटांची असतात आणि ती एकाच वेळी अनेक खोल्यांत चालतात. 2022 च्या आयसीएममध्ये असे वीस विभाग होते.

प्लेनरीत समोर तर्कशास्त्रापासून पीडीईपर्यंत (आंशिक अवकल समीकरणं) सगळ्या शाखांची माणसं बसलेली असतात. त्यामुळे चांगला वक्ता पहिली वीस मिनिटं सगळ्यांसाठी देतो: प्रश्न कुठून आला, आधी काय काय करून झालं, अडलं कुठे. एखाद्या शाखेचा नकाशा तासाभरात हाती येतो. सिद्धता कळत नाही, आणि ती कळावी अशी अपेक्षा ठेवूही नये. पण हेही लक्षात घ्या की आयसीएमच्या निमंत्रित वक्त्यांचे लेख परिषदेच्या कार्यवृत्तात (प्रोसीडिंग्जमध्ये) छापले जातात आणि आंतरराष्ट्रीय गणित संघाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. अलीकडच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंगही असतात. म्हणजे प्लेनरी चुकली तरी ती पूर्ण हातची जात नाही. विभागीय व्याख्यान संपल्यावर मात्र वक्त्याभोवती पाच-सहा जण जमतात आणि दहा मिनिटं बोलणं चालतं, ते कुठेच नोंदलं जात नाही. म्हणून दमलेल्या दिवशी काही सोडायचंच असेल तर मी प्लेनरी सोडेन.

मोठ्या सभागृहातलंच महत्त्वाचं, असं समजणाऱ्यांनी 1900 ची पॅरिसची आयसीएम आठवावी. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टचं गणितातल्या न सुटलेल्या प्रश्नांवरचं प्रसिद्ध व्याख्यान उद्घाटनाच्या सभेत झालं नव्हतं. 8 ऑगस्टला, इतिहास आणि अध्यापन या विभागांच्या संयुक्त बैठकीत ते झालं. 23 प्रश्नांपैकी दहाच त्याने तिथे मांडले, बाकीचे छापील लेखातून लोकांपर्यंत गेले.

शीर्षक बघायचं की माणूस?

माणूस. याबाबतीत माझ्या मनात शंका नाही. जून 1993 मध्ये केंब्रिजला अँड्र्यू वाइल्स यांनी तीन व्याख्यानं दिली, त्यांचं शीर्षक होतं ‘मॉड्युलर फॉर्म्स, इलिप्टिक कर्व्ह्‌ज अँड गाल्वा रिप्रेझेंटेशन्स’. तिथे त्यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची, शतकानुशतकं अडलेल्या प्रश्नाची, सिद्धता जाहीर केली, पण शीर्षकात फर्माचं नाव कुठेही नाही. ती खोली ज्यांनी धरली त्यांनी वक्ता कोण आहे ते बघून धरली. (आणि तिथे जाहीर झालेल्या सिद्धतेत पुढे त्रुटी सापडली, ती 1994 मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साथीने दुरुस्त झाली. ताजा निकाल ऐकताना एवढी जाणीव ठेवावीच.)

माणूस बघायचा म्हणजे प्रसिद्धी बघायची असं नाही. तो समजावून सांगतो का, हे बघायचं. हे आधी कळू शकतं. त्याचं जुनं एखादं रेकॉर्डिंग पाच मिनिटं बघा. तेही नसेल तर सारांश वाचा. पहिल्याच ओळीत तीन अपरिचित संज्ञा आल्या आणि एकही उदाहरण नाही, तर व्याख्यानही बहुधा तसंच जाईल. ‘सर्वात सोप्या बाबतीत याचा अर्थ असा’ अशा धर्तीचं एखादं वाक्य दिसलं तर परका विषय असूनही जावं.

आपला विषय की परका?

आपल्या विषयातला पेपर बहुतेकदा आर्काइव्हवर (arXiv, पेपर मोफत ठेवण्याचं संकेतस्थळ) आलेला असतो आणि तुम्ही तो चाळलेलाही असतो. मग तिथे जायचं ते पेपरात नसलेल्या गोष्टीसाठी: हे लेमा (मुख्य सिद्धतेसाठी लागणारं छोटं प्रमेय) कसं सुचलं, आधी कोणती वाट धरली होती, ती कुठे बंद पडली. विचारायला एक नेमका प्रश्न तयार असेल तर आपल्या विषयाच्या खोलीत बसा. प्रश्न नसेल तर तो तास परक्या विषयातल्या चांगल्या वक्त्याला देणं जास्त फायद्याचं.

दहा-पंधरा मिनिटांच्या सत्रांबद्दल थोडक्यात: व्याख्या आणि प्रमेयाचं विधान यातच बराच वेळ जातो, त्यामुळे ओळखीचा विषय असेल तरच. आणि एकदा बसलात की त्या सत्रात टिकून राहा. सलग व्याख्यानं एकाच धाग्यातली असतात, पहिल्याने दिलेली व्याख्या तिसरा गृहीत धरतो. खोल्या बदलणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी फक्त मधला भाग मिळतो.

पोस्टर

यावर जरा जास्त लिहितो, कारण त्याला सर्वात कमी भाव मिळतो. एका परिषदेत गाठींच्या सिद्धांतावरच्या एका पोस्टरसमोर मी उभा होतो. ‘क्वांडल’ची, म्हणजे गाठी वेगळ्या ओळखायला वापरतात त्या एका बैजिक रचनेची व्याख्या, तीन अटी. दोनदा वाचूनही त्या अटी आल्या कुठून ते उमगेना. पोस्टरवाल्या संशोधक मुलीने ते ओळखलं. तिने वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्रिपर्णी गाठ काढली आणि तीन रंगांची पेनं घेतली. गाठीचा एकेक तुकडा रंगवत गेली. नियम एकच: प्रत्येक छेदापाशी तिन्ही रंग एकच, नाहीतर तिन्ही वेगळे. गाठ तिन्ही रंग वापरून रंगली. शेजारी तिने साधं वेटोळं काढलं, त्याला एकच रंग लागला. दोरा कितीही हलवला तरी रंगवण्याची ही शक्यता बदलत नाही, म्हणून त्या दोन गाठी वेगळ्या. ‘हे तीन रंग म्हणजेच एक छोटंसं क्वांडल,’ ती म्हणाली, ‘आणि त्या तीन अटी म्हणजे रायडेमायस्टरच्या तीन हालचाली, दोरा न कापता गाठीचं चित्र बदलायच्या मूळ रीती.’ पाच मिनिटं लागली असतील. सभागृहात पाचशे लोकांपुढे हात वर करून ‘मला व्याख्याच कळली नाही’ असं म्हणणं किती जणांना जमतं?

तास रिकामा ठेवावा का?

हो, दिवसातून एक तरी. सप्टेंबर 1930 मध्ये क्योनिग्सबर्गच्या परिषदेत तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने 6 तारखेला वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं ते पूर्णतेच्या प्रमेयावर. अपूर्णतेबद्दल, म्हणजे काही खरी विधानं सिद्ध करता येत नाहीत या आपल्या पुढे गाजलेल्या निकालाबद्दल, तो बोलला दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत, ओघात. फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनच्या आलं, आणि चर्चेनंतर त्याने गोडेलला बाजूला गाठलं. खुणा केलेल्या पुढच्या खोलीकडे धावत सुटलेल्याला असं कोणाला गाठता येत नाही.

आता दोन वाजताचा तो रकाना. पीएचडीचं दुसरं वर्ष असेल आणि स्वतःचा प्रश्न अजून ठरायचा असेल तर पोस्टरच्या दालनात जा. पोस्ट-डॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेच्या) शोधात असाल तर तुमच्या विषयातल्या त्या दोन व्याख्यानांपैकी जिथले लोक पुढे तुमचं काम वाचणार आहेत तिथे बसा, आणि प्रश्न लिहूनच घेऊन जा. दुसऱ्या खोलीतल्या वक्त्याला मेल करून स्लाइड्स मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. महाविद्यालयात शिकवत असाल तर ते मोठं नाव ऐका, फक्त आदल्या रात्री त्याचं जुनं रेकॉर्डिंग पाच मिनिटं बघून. ते कंटाळवाणं निघालं तर तुम्हीही पोस्टरकडेच या.