तारांची चाके की नटांची? जुनी एमजीबी निवडताना

इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी स्पोर्ट्स कारच्या दोन गाड्यांमधून एक निवडायची आहे, असे धरू. पहिली साठच्या दशकाच्या मध्यावरची, तारांच्या चाकांची, डायनॅमोने (जुन्या पद्धतीच्या वीज-जनित्राने) बॅटरी चार्ज करणारी आणि बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली आहे. दुसरी १९७० नंतरची असून तिला चार नटांनी बसणारी रोस्टाइल नावाची लोखंडी चाके, डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर आणि ऋण टोकाचे अर्थिंग (बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले) आहे. अशा वेळी बहुतेक खरेदीदार बटणे दाबून दिवे आणि वायपर पाहतात, आणि एखादा दिवा मंद दिसला की त्या गाडीवर फुली मारतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. विजेची किरकोळ तक्रार आपण होऊन समोर येते, तर झिजलेला हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, बराच काळ काहीच सांगत नाही.

तारांच्या चाकाच्या मध्यावर एकच मोठा नट असतो, ज्याला स्पिनर म्हणतात. चाकाला फिरवण्याचे आणि ब्रेक लावताना थांबवण्याचे काम मात्र तो करत नाही. ते हबवरचे उभे दाते, म्हणजे स्प्लाइन, करतात आणि नट चाकाला फक्त हबच्या उतारावर दाबून धरतो. गाडीच्या डाव्या बाजूला उजव्या आट्यांचा (घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारा) आणि उजव्या बाजूला डाव्या आट्यांचा स्पिनर असतो, त्यामुळे गाडी पुढे जात असताना चाक आणि हब यांच्यातली सूक्ष्म सरक नटाला घट्ट होण्याच्या दिशेनेच ढकलत राहते. जुन्या गाडीची दुरुस्ती करताना कोणी हब डावे-उजवे बदलून बसवले असतील, तर हीच सरक नटाला सैल करते आणि चालत्या गाडीचे चाक निघू शकते. म्हणून नटावर कोरलेली बाजू आणि सोडवण्याची दिशा दाखवणारा बाण वाचून, नट सोडताना तो खरोखर गाडीच्या पुढच्या चालीच्या दिशेनेच फिरतो का, हे चारही चाकांवर पाहावे.

स्प्लाइनची परीक्षा सोपी आहे आणि ती टाळू नये. चाक जॅकवर उचलून दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक हाताने मागे-पुढे हलवावे. हब स्थिर असताना चाक किंचितही फिरले, तर दाते झिजलेले आहेत. चाक काढल्यावर चांगल्या दात्याचा माथा सपाट दिसतो, तर झिजलेला दाता सुरीच्या पात्यासारखा टोकदार होतो. रिव्हर्समधून पुढचा गिअर टाकताना येणारा ‘टक्’ आवाज हीही याचीच खूण असू शकते, जरी तो युनिव्हर्सल जॉइंटचाही (मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याचाही) असतो. फक्त नवी चाके घेऊन हा दोष जात नाही, कारण झिजलेला हब नव्या चाकाचे दातेही लवकर खातो. हब आणि चाके एकत्र बदलावी लागतात, आणि किमतीची बोलणी करताना हाच खर्च मनात ठेवावा. शिवाय आऱ्यांची भोके हवा धरत नाहीत, म्हणून या चाकांना ट्यूब लागते.

चार नटांच्या चाकात एवढे सांभाळायचे नसते. अर्ध्या इंचाच्या स्टडचे आटे शाबूत असावेत, नटाचे शंकूसारखे तोंड चाकाच्या भोकात नीट बसावे आणि लोखंडी चाकाला साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर एवढाच ताण टॉर्क पान्याने द्यावा. मात्र आवडीसाठी नंतर तारांची चाके बसवण्याचा विचार असेल, तर आधी हे जाणून घ्यावे की मुळात तारांची चाके असलेल्या गाडीचा मागचा अॅक्सल अरुंद असतो आणि चार स्टडवर बसणारे जोडहब वापरून बसवलेली चाके बाहेर सरकतात.

आता वीज. मागचा दिवा मंद होणे, ब्रेक दाबताच इंडिकेटर थांबणे किंवा पार्किंगचा दिवा मिणमिणणे, या तक्रारींचे मूळ दोन्ही गाड्यांत बहुधा एकच असते: गंजलेले अर्थिंग किंवा तारा जोडणाऱ्या गोळीच्या आकाराच्या जोडण्यांवर साचलेले ऑक्साइड. दिवा लावलेला असताना त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापर्यंत मल्टिमीटरने मोजावे. तेथे अर्धा व्होल्ट दिसला, तर बल्ब बदलण्यात अर्थ नाही, जोडणी घासून साफ करावी. डायनॅमोच्या गाडीत इंजिन मंद चालताना चार्जिंगचा दिवा मिणमिणतो, तो दोष मानू नये. या गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार नेहमी जिवंत असते आणि तिला फ्यूज नसतो. म्हणून सोललेली, चिकटपट्टी गुंडाळलेली तपकिरी तार कुठेही दिसली, तर मी तिला दिव्यांच्या सगळ्या तक्रारींपेक्षा गंभीर समजेन.

धन अर्थिंगची भीती मात्र अवाजवी आहे. ते बदलता येते. त्यासाठी डायनॅमोचे ध्रुव पुन्हा ठरवावे लागतात, इग्निशन कॉइलच्या तारा उलटाव्या लागतात आणि विजेवर चालणारे इंजिनाच्या फेऱ्यांचे मापक असेल, तर त्यातही बदल करावा लागतो. न बदलताही गाडी उत्तम चालते, फक्त नवा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्या ध्रुवांचेच घ्यावे लागते.

पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याला, लांबच्या प्रवासासाठी ती वापरणाऱ्याला मी १९७० नंतरची सुचवेन, आणि तसे करण्याचे कारण ऑल्टरनेटरपेक्षा तिची चाके हे अधिक आहे. पण साठच्या दशकातल्या गाडीचे दाते सपाट, ग्रीस लावलेले आणि स्पिनर योग्य बाजूंना असतील, तर तिच्या दोन-चार मंद दिव्यांमुळे ती सोडू नये. ते दिवे साफ करायला फार तर एखाद-दोन दिवस लागतील. चाकांचे काम मात्र गाडी रस्त्यावर काढण्याआधीच पूर्ण झाले पाहिजे, आणि स्पिनर घट्ट केल्यानंतर थोडे अंतर चालवून ते पुन्हा तांब्याच्या हातोड्याने तपासले पाहिजेत.