पॉज नसलेला चावीचा टायमर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बिघडलेल्या टायमरच्या बदल्यात कंपनीने परवा डिजिटल टायमर पाठवला आणि वर मेसेज केला, ‘अपग्रेडेड मॉडेल, विनाशुल्क’. तो मेसेज वाचून हे लिहायला बसले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

गोल फिरवायचा, शेवटी घंटी वाजणारा स्वयंपाकघरातला टायमर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती हे गणितही आता शाळेतल्या पोरांना पाठ आहे. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशाच टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ही पद्धत बसवली. ॲप फुकट मिळतात हे मलाही माहीत आहे. पण ॲप लावायला फोन उचलावा, तर सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांवरून जुंपलेली असते, आणि अर्धा तास तिथेच जातो. साडेचारशे रुपयांत फोन हातातून सुटत असेल तर परवडलं.

घेतला तो टाळलेल्या कामांसाठी. बँकेची केवायसी, सासूबाईंच्या मुदत ठेवीला वारसाचं नाव लावणं, मेडिक्लेमची बिलं, माळ्यावरचे खोके. एकेक काम फार तर तासाभराचं, पण महिनोन्‌महिने पडून. वेळ नव्हता असंही नाही; फॉर्म समोर आला की पोटात कसंतरी होतं, एवढंच. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये नेमकं हेच मांडलं आहे: चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात कमी आणि नकोशी भावना तेवढ्यापुरती टाळण्यात जास्त असतं. आमच्या घरात या टाळण्याचा हिशेब रुपयांत निघतो. महावितरणचं बिल लवकर भरलं तर १ टक्का सूट, मुदत चुकली तर १.२५ टक्के जादा. पुणे महापालिकेचा मिळकतकर वेळेत भरला तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सवलत, थकला की महिन्याला २ टक्के शास्ती. आयकराचं विवरणपत्र उशिरा भरलं तर विलंब शुल्क ५,००० रुपयांपर्यंत. पैसा पैसा जोडणाऱ्या माणसाने हे असं फुकट का घालवावं?

पहिल्या आठवड्यातलं माझं मत वाईट होतं. पंचवीस मिनिटं लावायची तर आधी साठपर्यंत फिरवा आणि मग मागे आणा, नाहीतर घंटी धड वाजत नाही. वाजते तीही एखाद मिनिट आधीच. टिकटिक इतकी की सासूबाईंनी विचारलं, ‘अगं, हे काय लावलंयस? डोकं उठलं माझं.’ आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे याला पॉज नाही. कुरियरवाला आला, कुकर झाला, सासूबाईंनी हाक मारली, तरी हा आपला चालूच. परत येऊन बसावं तर अकरा मिनिटं उरलेली. त्या वेळी मी दोनच तारे दिले होते.

मत बदललं ते केवायसीच्या दिवशी. फॉर्म अर्धा भरला, जुना पत्ता की नवा यावर अडले आणि सवयीने उठले चहा ठेवायला. टायमर टिकटिकतच होता. थांबवता येत असता तर नक्की थांबवला असता, आणि ते काम थेट पुढच्या सोमवारवर गेलं असतं. पॉज नव्हता म्हणून चहा तसाच ठेवून परत बसले. फॉर्म त्याच घंटीला पुरा झाला. मग हे वारंवार होऊ लागलं. दर वेळी नाही. माळ्यावरच्या खोक्यांना घंटी वाजली तरी माझं मन वळत नाही, ते खोके अजून तिथेच आहेत. पण कागदाची कामं सुटली. वारसाचं नाव लागलं. नोव्हेंबरात द्यायचा सासूबाईंचा हयातीचा दाखला दिवाळीची गडबड सांभाळून वेळेत गेला.

तेव्हापासून मला जिथे तिथे पॉजचं बटण दिसतं. पॅन-आधार जोडणी घ्या. मार्च २०२२ पर्यंत फुकट, मग ५०० रुपये, जुलैपासून १,०००, आणि मुदत वाढत वाढत ३० जून २०२३ पर्यंत आली. २०२५ मध्ये विवरणपत्राची ३१ जुलै १५ सप्टेंबरवर गेली आणि ऐनवेळी आणखी एक दिवस वाढली. आमच्या ह्यांचं ठाम मत, ‘घाई कशाला, वाढवतात की.’ अशा माणसाला सरकारच पॉज दाबून देत असेल तर टायमरने काय करावं?

मग स्प्रिंग गेली. टायमर फिरायचा, पण टिकटिक नाही आणि घंटीही नाही. वॉरंटी वर्षाची. कंपनीने आधी लिहिलं की चावी जास्त पिळली असणार. साठपर्यंत पिळायला त्यांच्याच पत्रकात सांगितलंय, हे फोटोसकट पाठवलं. मग गप्प. मग ‘मॉडेल बंद झालं’. आणि मग हा डिजिटल, ज्याची किंमत त्यांच्याच साइटवर दीडशे रुपयांनी कमी आहे. याला अपग्रेड म्हणायचं!

डिजिटल वाईट आहे असं नाही. सेकंदाला अचूक, आवाज नाही, मागे चुंबक. आणि मधोमध, अंगठ्याखालीच, मोठ्ठं पॉजचं बटण. मेडिक्लेमची बिलं लावताना मी ते दाबलं आणि संध्याकाळी पाहिलं तर पडद्यावर १७:४० तसेच थिजलेले. बिलंही तशीच.

शेवटी जुना टायमर आमच्या पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेला. त्यांनी उघडला, हसले, स्प्रिंगचं सुटलेलं टोक अडकवून दिलं आणि ऐंशी रुपये घेतले. घंटी आता थोडी बसकी वाजते, त्यावर सासूबाई खूश आहेत.

घरून काम करत असाल आणि टाळलेले कागद साठले असतील तर चावीचाच घ्या, दुकानात फिरवून घंटी ऐकून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर घेऊ नका. माझे तारे आता चार. पाचवा कंपनीने घालवला. डिजिटल फ्रिजवर चिकटवलाय, अंडी उकडायला ठीक आहे. फरकाचे दीडशे रुपये अजून आलेले नाहीत, त्याचे मेल रोज सकाळी टायमर लावून लिहिते.