तालुक्याचं छोटं आर्ट्स कॉलेज : शिकवणं भारी, ऑफिस बेकार

साडेतीन स्टार. नाव टाकत नाही, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं साधं बीए कॉलेज आहे, अमरावती विद्यापीठाखालचं. बारावी झालेले पोट्टे विचारतात की भाऊ इथं घेऊ का सरळ नागपूर-पुणे गाठू, म्हणून लिहून ठेवतो.

पहिले चांगलं सांगतो. वर्ग लहान, त्यामुळं लपायला जागाच नाही. सरांना तुमचं नाव, गाव, बापाचं वावर कुठं आहे इथपर्यंत सगळं माहीत असतं, दोन दिवस दांडी मारली की गावातल्याच कोणाजवळ तरी निरोप येतो, "काऊन रे, आला नाही?"

भूगोल घेणार असाल तर डोळे झाकून घ्या. प्लेन टेबलचं (फळीवर कागद लावून जागेवरच नकाशा काढायचं) प्रॅक्टिकल मैदानात खरंच होतं, नुसतं जर्नल उतरवणं नाही. तिपाईवर फळी ठेवायची, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मधात आणायचा (याच्यातच अर्धा तास जातो, वरून ऊन), मग आलिडेडमधून (नेम धरायची पट्टी) कडूनिंबावर नेम धरून रेघ ओढायची, तिपाई उचलून दुसऱ्या टोकाला न्यायची, अंतर मापायचं, तिथून परत त्याच झाडाकडं रेघ, दोन रेघा कापल्या की कागदावर तिथं कडूनिंब. मोठ्या कॉलेजातले दोस्त सांगतात की तिकडं एका फळीभोवती एवढी गर्दी असते की हात लावायला मिळत नाही, इथं प्रत्येकाला लावावाच लागतो. आणि सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे बारीक तपशिलाचा नकाशा, पाहायला मिळते, १:५०,००० ची, म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. पोट्टे पहिले आपलंच गाव हुडकतात. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या फरकानं असतात, त्यामुळं आमच्या सपाट काळ्या शिवारात एक रेघ सापडायला बोट लय लांब फिरवावं लागतं आणि पुसदकडं सरकलं की नुसती दाटी.

आता विषय निवडायचं. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण आलं, मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा बाहेरचा विषय) वगैरे, कागदावर वाचलं तर वाटते पुण्या-मुंबईत लाखानं फी घेणारं लिबरल आर्ट्स (हवे ते विषय जुळवून शिकायचं) आपल्या दारात आलं. पण ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या बाहेरच्या शाखेतून घ्यायचं असा नियम आहे, आणि आमच्या कॉलेजात शाखाच एक! मग कॉमर्सचा पेपर इकॉनॉमिक्सचे सर घेतात, अख्ख्या वर्गाला तोच, निवड संपली. सरांचा दोष नाही, ते बिचारे रात्री वाचून येतात. तरी एक फायदा आहे, पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलं तर ४० ते ४४ क्रेडिट (पास केलेल्या अभ्यासाचे जमा होणारे गुणांक) आणि वरून ४ क्रेडिटचा स्किल कोर्स यावर सर्टिफिकेट मिळते, पहिले असं मधात सोडलं की हातात गुणपत्रिकेशिवाय काहीच नसायचं. ज्या पोरींचं लग्न एफवायलाच ठरते त्यांच्या घरी हे आवर्जून सांगा.

अर्धे सर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचा पगार नाही. चांगलं शिकवणारा माणूस दुसरीकडं जागा निघाली की जाणार, जायलाच पाहिजे, पण मग इंग्रजीचे तास दिवाळीपर्यंत रिकामे राहतात, त्याचं काय.

तसंही सोयाबीन सोंगणीत वर्ग ओसच पडतो. सर समजून घेतात, हजेरीवरून डोकं खात नाहीत, फक्त हिवाळी परीक्षेच्या तोंडावर राहिलेलं सगळं एकदम अंगावर येते आणि मग झेरॉक्सच्या दुकानात गर्दी.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) नक्की घ्या. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. सकाळी नाल्यावर श्रमदान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि ज्या पोरी वर्गात वर्षभर तोंड उघडत नाहीत त्या तिथं सरपंचाला हातपंपाचं विचारतात.

दीड स्टार कापला त्यात मोठा वाटा ऑफिसच्या खिडकीचा. बडे बाबू जाग्यावर असले तर काम होते, ते कधी असतात हे शिपायालाही माहीत नसते. महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा) फॉर्म दरवर्षी नव्यानं भरायचा असतो, हे नोटीस बोर्डवर लागते पण कोपऱ्यात, परीक्षेच्या टाईमटेबलच्या मागं. कितीतरी जणांची स्कॉलरशिप अशीच लटकली. तुम्ही ऑफिसच्या भरवशावर राहू नका, आधार बँक खात्याला जोडून ठेवा, डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) काढा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच सेतूत टाका.

लायब्ररी ठीक, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं भरपूर, कादंबऱ्या जुन्या, पण बंद लवकर होते. कॅन्टीन नाही. गेटसमोर काकू आलूबोंडा-तर्री देतात, तिखट आहे, उधारी चालते. एसटीच्या पासला दोन तृतीयांश सवलत आहे, बोनाफाईड त्याच खिडकीतून घ्यावं लागते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घेऊन टाका.