स्मृतिनिधीतून व्हीलचेअर द्यावी की संडास-बाथरूम नीट करून द्यावं?

आई-वडिलांच्या नावाने निधी ठेवणारी कुटुंबं, मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यापुढे हा प्रश्न हमखास येतो. थकलेल्या किंवा अपंग माणसाला मदत करायची आहे, रक्कम मर्यादित आहे; मग साहित्य द्यायचं की घरातली दुरुस्ती करून द्यायची? आमच्या निधीसाठी मी हा निर्णय घेतलाय, म्हणून लिहितो.

व्हीलचेअरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ती लगेच मिळते, वापर संपला की रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात जमा होते आणि दुसऱ्याच्या कामी येते. भाड्याच्या घरातही चालते. ज्याला दवाखान्यात, देवळात, नातवाच्या लग्नाला न्यायचं आहे त्याच्यासाठी तिला पर्याय नाही.

पण माझं मन बदललं ते संडासाच्या दारामुळे. आमच्या ओळखीच्या एका आजींना शिबिरात खुर्ची मिळाली. खुर्ची चांगलीच होती, पण चाकांसकट तिची रुंदी सव्वीस इंचांच्या आसपास आणि संडासाचं दार दोन फुटी. त्यात उंबरठा. म्हणजे जिथे आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिथेच खुर्ची दाराबाहेर थांबायची आणि सून नि मुलगा दोघं मिळून त्यांना उचलून आत न्यायचे. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून आजींनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं. खुर्चीवर धुतलेल्या चादरींची चळत साठत गेली. नंतर इतर घरांत डोकावलो तेव्हा थोड्याफार फरकाने हेच दिसलं.

आजींकडे शेवटी गवंडी लावला. उंबरठा काढला, दार बाहेर उघडणारं केलं, कमोड बसवला आणि शेजारच्या भिंतीत स्टीलचा दांडा पक्का केला. आता त्या भिंत धरत दारापर्यंत जातात आणि दांड्याला धरून स्वतः उठतात.

आणखी एक गोष्ट माझ्या मते महत्त्वाची. साहित्यासाठी सरकारी वाटा आधीच आहेत. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढच्या गरजू माणसांना कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत काठी, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर मोफत मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांच्या खात्यात एकदाच ३००० रुपये येतात. कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. अपंगांसाठी अडिप योजना आहे. तीन हजारांत वॉकर येतो, कमोड काही बसत नाही. म्हणून देणगीचा पैसा जिथे सरकारी पैसा सहसा पोचत नाही तिथे जावा, असं मला वाटतं.

दुरुस्तीत कटकट जास्त, हे मान्य. घर पाहायला जावं लागतं, घरमालकाची संमती लागते, गवंडी दिलेल्या दिवशी येईलच असं नाही. उताराला जागा लागते: एकास बाराचं प्रमाण धरलं तर सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार हवा, आणि चाळीच्या बोळात तेवढी जागा नसते. देणगीदाराचं नाव लावायला जागा नाही, वाटपाचा फोटोही नाही. काही कुटुंबांना हे खटकतं, आणि त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा म्हणणार नाही.

तरीही घर स्वतःचं असेल आणि माणूस आधाराने दोन पावलं टाकू शकत असेल, तर मी दुरुस्तीच निवडेन. रक्कम हातात न देता गवंड्याला द्या. अर्धी आधी, अर्धी दांड्यावर पूर्ण भार टाकून पाहिल्यावर. नुसत्या टाइलवर स्क्रूने लावलेला दांडा उपटून येतो, तो विटांच्या भिंतीत आतपर्यंत गेलेला हवा.

घर भाड्याचं असेल, तर आधी भांड्याची कमोड खुर्ची द्या, व्हीलचेअरचं नंतर बघा. आणि व्हीलचेअर द्यायचीच ठरली, तर तिची ऑर्डर देण्याआधी संडासाच्या दाराचं माप घरच्यांकडून फोनवर मागवा.