झिंक प्रायमर म्हणून घेतलेला वीस लिटरचा ड्रम

आमची टाटा ४०७ वडिलांच्या काळातली. ऊस, विटा, गणपती, वऱ्हाड, सगळं वाहून झालंय. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, तेव्हा तीही चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. तिथून गंजानं जोर धरला. पुढं केबिनच्या पत्र्याला भोकं पडली, फाळक्याच्या बिजागऱ्या धरल्या. पेंटरचा आकडा ऐकल्यावर ठरवलं, घरीच मारायचं. कॉम्प्रेसर मेव्हण्याकडं होताच, फक्त रंग फवारायची गन घ्यायची होती.

गन घ्यायला उद्यमनगरात गेलो. बाहेर चहाच्या टपरीवर एकानं गाठलं. "मालक, गंजासाठी न्हवं? रेड ऑक्साईड मारून पैसं पाण्यात घालू नका." एका फौंड्रीच्या शेडचं काम झालंय, त्यातला झिंक इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखायला लोखंडावर आधी मारायचा झिंकचा रंग, उरलाय, निम्म्या किमतीत देतो म्हणाला. कोल्हापुरात फौंड्र्या इतक्या, की ही गोष्ट कुणालाही खरी वाटावी.

अगदीच डोळे झाकून घेतला नाही मी. नमुना मागितला. त्यानं पत्र्याच्या तुकड्यावर ब्रशनं पट्टा ओढला. चहा संपेपर्यंत वाळला, वर नाणं घासलं तरी निघेना. हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करायला त्यात मिसळायचा दुसरा डबा, कुठाय विचारलं, तर "आता नवीन आलंय, एकाच डब्यात सगळं." ४,८०० रुपये रोख दिले. बिल मागितल्यावर "जीएसटी लागंल बघा" म्हणाला आणि मीही गप्प बसलो. तेवढेच वाचतात की! ड्रम एकट्यानंच उचलून गाडीत टाकला. खरं तर तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

मग दोन रविवार घाम गाळला. वडील दर पावसाळ्याआधी चेसीला जळकं ऑईल मारायचे. त्याचा काळा थर डिझेलनं धुतला, थिनरनं पुसला, ग्राइंडरला वायरब्रश लावून पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. एप्रिलच्या कोरड्या हवेत दोन हात मारले. गाडी चांदीसारखी दिसायला लागली. गल्लीत भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये गगनबावड्याच्या दोन खेपा झाल्या. गणपतीपर्यंत चेसीवर फोड आले. नखानं उचकटलं तर रंगाची सालच हातात आली, खाली तांबडा गंज.

ओळखीच्या पेंटरमामांना बोलावलं. त्यांनी फडकं थिनरमध्ये बुडवून चार वेळा घासलं. सगळा रंग फडक्यावर. "ह्यो इपॉक्सी न्हवंच. साधा सिल्व्हर हाय." असा इपॉक्सी सहसा दोन डब्यांत येतो, बेस आणि हार्डनर. दोन्ही मिसळल्यावर तो आतून पक्का होतो, मग थिनरच्या फडक्यानं असा विरघळत नाही. आणि तो घट्ट व्हायला तास लागतात. म्हणजे चहा संपेपर्यंत नाण्यानंही निघेना इतका घट्ट झाला म्हणून मी भुललो, तोच खरा पुरावा होता.

दुसरी गोष्ट वजनाची. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. त्यासाठी झिंकचे कण एकमेकांना आणि उघड्या लोखंडाला चिकटून लागतात, म्हणजे डब्यात झिंक भरपूर हवं. असा प्रायमर लिटरला अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा रंग सव्वा-दीड किलो. वीस लिटर खरा माल असता तर ५० किलोच्या घरात गेला असता. तो काय मी एकट्यानं उचलणार? घरी उरलेला एक लिटर काट्यावर ठेवला, १ किलो १०० ग्रॅम.

४,८०० गेल्याचं एवढं वाटत नाही. जळकं ऑईल दिसायला घाण होतं, पण लोखंड धरून होतं. ते मी स्वतःच्या हातानं खरवडलं आणि उघडा पत्रा पावसाला दिला. आता केबिनचा फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागणार.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. त्यांनी बिल विचारलं, दुकानाचं नाव विचारलं. माझ्याकडं फक्त एक मोबाईल नंबर. तो अजून लागतो. उचलतो, "बोला मालक" म्हणतो आणि आवाज ओळखला की ठेवतो.