फोल्डस्कोप: एका पुस्तकबांधणी करणाऱ्याचा अनुभव

पंचवीस वर्षं गिरगावात पुस्तकबांधणी करतोय. त्यामुळे मुलीसाठी मागवलेला फोल्डस्कोप, म्हणजे कागद दुमडून बनवायचा सूक्ष्मदर्शक, घरी आला तेव्हा मी भिंगाच्या आधी कागद पाहिला. पाण्याला दाद न देणारा, चिवट कागद. घडीच्या रेघा आधीच दाबलेल्या, नख फिरवलं की घडी सरळ बसते आणि कड फुटत नाही. तुकडे सुटे करायचे, दुमडायचे, एकात एक सरकवायचे. खळ नाही, गोंद नाही. आम्हा बापलेकीला पाऊण तास लागला.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सूक्ष्मदर्शक घडवला. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला, त्यात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरहून कमी सांगितला होता. सगळं काम करते ती ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी काचेची गोळी. गोळी जितकी लहान तितकी वस्तू मोठी दिसते. इथे १४० पट.

बघायची सवय मात्र करावी लागते. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी कागद हळूहळू सरकवायचा. पहिल्या संध्याकाळी मला नुसता पांढरा डाग दिसला. सकाळी खिडकीकडे तोंड केलं आणि कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या समोर आल्या. चष्मा असेल तर सोबतच्या चुंबकाने फोल्डस्कोप मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवा, सोपं जातं.

मग मी माझा माल बघायला घेतला. वर्तमानपत्राचा कपटा पाण्याच्या थेंबात सुईने विंचरला: लाकडाचे तुटके, ताठ तंतू, नुसता चोथा. दिवाळीच्या जुन्या चोपडीतला हातकागद विंचरला तर त्यात सुताचे लांब, चपटे, पीळ पडलेले तंतू, फितीसारखे. दोन कागद बोटांना वेगळे का लागतात हे मी आयुष्यभर जाणत होतो, पाहिलं आत्ता. आणि पतंगाच्या पातळ कागदात बरेचसे तंतू एकाच दिशेला कललेले. गिरणीत लगदा जाळीवरून धावतो, म्हणून तंतू त्या दिशेने निजतात. ओल लागली की तंतू रुंदीला फुगतो, लांबीला जवळपास नाहीच. कागदातल्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवली नाही तर खळ लावलेला पुठ्ठा वाकतो, तो यामुळे. माझ्या उस्तादांनी कागद फाडून दिशा ओळखायला शिकवलं होतं. ते असते तर मी धावत जाऊन हे त्यांच्या डोळ्याला लावलं असतं.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूकही आमच्यासारखाच धंदेवाईक माणूस, कापडाचा व्यापारी. कापडवाले सूत तपासायला भिंग वापरत. त्याने स्वतः घासलेल्या एकाच इवल्या भिंगातून १६७४ साली तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले. फोल्डस्कोपची जात तीच, एका भिंगाची.

मुलीचा कौल शिवडीच्या चिखलाला. जेट्टीवरून बाटलीत आणलेल्या चिखलाच्या एका थेंबात डायटम दिसले: काचेच्या कवचातलं एकपेशीय शेवाळ, होडीच्या आकाराचं, सोनेरी-तपकिरी. त्यातले काही सरकत होते. थंडीत तिथे उतरणारे रोहित पक्षी असलंच सूक्ष्म शेवाळ गाळून खातात आणि त्यातल्या रंगद्रव्यांनीच गुलाबी होतात. ती तासभर खिडकीतून हलली नाही.

दह्यातले जिवाणू नीट बघायचे असतील तर हा घेऊ नका. साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचंच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) यात वेगळं ओळखता येतं, जिवाणू जाडीला त्याहून बारीक. बाकी आठवी-नववीतलं मूल घरात असेल तर जरूर घ्या. नसेल, पण हातात एखादं कसब असेल, शिवण, सुतारकाम, स्वयंपाक, तरी घ्या आणि आधी आपलाच माल त्याखाली ठेवा. आमच्याकडे उद्यासाठी बांगड्याचा खवला पुसून, कागदात गुंडाळून ठेवलाय.